सातुकाने दिलेला पाव

मामावासी, पाउकारमार्का
रविवार, १२ मे २००२

ति. हिलारिया ताईस,
पोट मध्ये येतं म्हणून वाकता येत नाही. तेव्हा नमस्कार उभ्यानेच मानून घे. वि. वि.

पोचले एकदाची. ट्रकने हाडं खिळखिळी केली, पण ग्रेगोरिओने मला पुढे आपल्या शेजारी बसवलं आणि प्रत्येक खड्ड्याला माझ्या पोटाची माफी मागितली. मागे बसलेल्या बायका म्हणाल्या, आमची पण माग की, आम्हीही कुणाची तरी पोरंच आहोत!

मामावासी म्हणजे एक लांबलचक खोली, ओळीने खाटा आणि मागे चूल. समोरच दवाखाना. डोंगरातल्या बायकांनी दिवस भरत आले की इथे येऊन राहायचं आणि कळा सुरू झाल्या की रस्ता ओलांडायचा, एवढंच. सध्या आम्ही सात पोटं आहोत. स्वयंपाक पाळीने असतो. एकीला कांद्याचा वास सोसत नाही, दुसरीला जिऱ्याचा, तिसरी मटण शिजायला लागलं की अंगणात पळते. त्यामुळे सूप म्हणून जे काही ताटात येतं ते बटाटा आणि गरम पाणी! बासिलिया नावाची एक आहे, चौथ्या खेपेची. ती म्हणते, या घरात पोरं गुटगुटीत होतात ती आयांच्या गप्पा खाऊन.

गप्पा तर काय विचारू नकोस. कुणाची छाती जळते, कुणाच्या पोटाला खाज सुटते, कुणाच्या बाळाला उचकी लागते आणि मग सगळ्याजणी हात लावून बघायला धावतात. मला वाटायचं हे सगळं माझ्या एकटीलाच होतंय आणि माझ्यातच काहीतरी बिघडलंय. इथे कळलं, सगळ्यांचीच तऱ्हा तीच. ताई, इतकं हलकं वाटलं ना!

माझ्या शेजारच्या खाटेवर सातुर्निना आहे. सगळ्या तिला सातुका म्हणतात. वय एक्केचाळीस. आधीची दोन बाळं सातवा लागायच्या आत गेली. हे पहिलंच इतक्या पुढे आलंय. नर्स मारीबेलबाईंनी तिला बजावलंय की बीपी जास्त आहे, इथून हलायचं नाही. ती माझी फार काळजी घेते. डाव्या कुशीवर झोप म्हणते, पाठीला घोंगडीची गुंडाळी लावून देते. ती वायाकोचाची आहे. लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. पोटं दोन्ही गावांत सारखीच दुखतात.

आपल्या फेलिक्स दादाला नमस्कार सांग. आमच्या ह्यांचा, एद्विनचा, खाणीवरून काही निरोप आला तर कळव.

तुझी भोपळ्यासारखी फुगलेली,
नेली
(लोभ आहे माहितीय, तो थोडा मोज्यांच्या रूपाने पाठव. पाय गार पडतात.)


चिल्कापाता
शुक्रवार, १७ मे

चि. नेलीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मोजे ग्रेगोरिओकडे दिलेत. सोबत पुदिन्यासारखा तो डोंगरातला पाला आहे, पाण्यात उकळून पी. जळजळ कमी होईल.

बटाटे काढून झाले. आता कडक गारठा पडला की पसरून गोठवायचे, मग तुडवून, पाणी काढून वाळवायचे. तुझे पाय नाहीत तुडवायला, म्हणून शेजारच्या पोरींना बोलावलंय. तुडवतील कमी, खिदळतील जास्त. फेलिक्स बरा आहे. थंडीत त्याचा गेलेला डोळा अजून ठणकतो. चुलीपाशी बसून राहतो, बोलत नाही.

त्या बाईचं वाचलं. दोन गेली म्हणतेस, वाईट वाटलं. बाईला बाईचं वाटणारच. पण वायाकोचाची माणसं कशी आहेत हे तुला सांगायला नको. कुरणावरून भांडण झालं तेव्हा तू आठ वर्षांची होतीस, चुलीमागे लपली होतीस. फेलिक्सच्या डोळ्यावर गोफणीचा धोंडा कुठल्या बाजूने आला ते मी बघितलंय. बोलू नकोस असं म्हणत नाही. एका छपराखाली राहायचं तर बोलावं लागतंच. पण अंतर ठेवून बोल.

आईमागे तुला मी वाढवली, म्हणून तोंड सोडते. राग धरू नकोस.

जीव तुझ्यापाशीच ठेवून इथे कामाला लागलेली,
हिलारिया


मामावासी
रविवार, २६ मे

ति. ताईस,
सा. न. वि. वि. मोजे एकदम फर्स्टक्लास! पण आज जे लिहिणारे ते वाचून तू ते परत मागशील.

झालं असं. मागच्या रविवारी सातुका बाजारातून आली आणि तिने माझ्या मांडीवर पाव ठेवला. तो चाकाएवढा, बडीशेपेचा, अजून गरम. ताई, आठवा सरलेल्या बाईच्या मांडीवर गरम पाव ठेवल्यावर ती काय करणार? मी तोडला आणि खायला लागले. निम्मा संपला तेव्हा वर बघितलं तर सातुकाने डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली आणि सगळ्या बायका भोवती जमलेल्या.

मग कळलं. पाव नुसता नव्हता, मागणीचा होता.

ती म्हणाली, माझं हे बाळ जगलं तर तुझ्या हाताने त्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडू दे, तू त्याची धर्ममाता हो. तुझं पहिलटकरणीचं नशीब नवं कोरं आहे, त्यातलं थोडं त्याला लागेल. मी घास तोंडात धरून बसले. थुंकता येईना, गिळता येईना. बासिलिया ओरडली, गिळ गं बाई, आता काय कोंबडीसारखी बघतेस! सगळ्या हसल्या. मी गिळला. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सातुका मला कोमाद्रे म्हणाली, धर्माची बहीण.

पाव खाल्ला म्हणजे होकार दिला, हे मला माहीत नाही असं समजू नकोस. आधी ऐकायचं, मग हात लावायचा, हे तूच शिकवलंस. हावरटपणा नडला. पण ताई, खरं सांगू? मला आनंद झाला. आजवर माझ्याकडे कुणी काही मागितलंच नव्हतं. तिला आता बाळ उजव्या बाजूला लाथ मारतं, तर ती म्हणते, बघ, धर्ममातेच्या खाटेकडे मारतंय.

तू ओरडशील. ओरड, पण मग हो म्हण.

तुझीच हावरी,
नेली


चिल्कापाता
शुक्रवार, ३१ मे

नेलीस,
आशीर्वाद.

हो म्हणणार नाही.

तू काय केलंयस ते तुला कळत नाही. धर्ममाता झालीस की ती बाई तुझी कोमाद्रे, तुझी म्हणजे आपल्या घराची. कोमाद्रेच्या माणसांवर हात उगारता येत नाही, तिची मेंढरं आपल्या कुरणात शिरली तर हाकलता येत नाहीत. ऑगस्टात दोन्ही गावांची कुरणाची बैठक आहे. तिथे फेलिक्सच्या डोळ्याबद्दल मी उभी राहून बोलणार आहे. वायाकोचाचे लोक म्हणतील, बाई बसा खाली, आपण आता नात्यातले. त्या बाईने मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. पण तिच्या घरचे हे सोडणार नाहीत.

फेलिक्सला काय तोंड दाखवू मी?

यातून बाहेर पडायची रीत आहे. एका पावाचे दोन परत करायचे. दिला तसाच, सगळ्यांसमोर. तोंडाने काही बोलायची गरज नाही, पाव बोलतात. येत्या बाजारात कर. नाही केलंस तर बाळ घेऊन या घरी यायचं नाही. एद्विनच्या आईकडे जा.



हिलारिया


मामावासी
रविवार, ९ जून

ति. ताईस,
घाईत लिहितेय. नमस्कार.

मागच्या रविवारी माझ्याने झालं नाही. आज सकाळी केलं. दोन पाव घेतले, सातुकाच्या खाटेवर ठेवले. ती बाळाला गुंडाळायचा पट्टा विणत होती. तिने पावांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं भांडेल, निदान विचारेल तरी. तिने दोन्ही पाव शालीत बांधले आणि म्हणाली, देव तुझं भलं करो, पोरी. पोरी म्हणाली. कोमाद्रे नाही.

एकेकजण उठून अंगणात गेली. बासिलिया, जी झोपेत पण बडबडते, ती सुद्धा चुलीशी जाऊन बसली. मग सातुकाने गाठोडं बांधलं. मी पाया पडले, म्हणाले, जाऊ नकोस, बीपी आहे, मारीबेलबाई लस टोचायला खालच्या वाडीत गेल्यात, त्या येईपर्यंत तरी थांब. ती म्हणाली, परत आलेल्या पावाशेजारी कशी झोपू? मी म्हणाले, मी दवाखान्यात झोपते, बाकावर, तू इथे राहा. ती म्हणाली, तू बाकावर झोपू नकोस, पाठ धरेल. असं म्हणाली, ताई. आत्ता सुद्धा.

दवाखान्यातल्या माणसाला मी ओढत आणलं. तो म्हणाला, बाई स्वतःहून जाते, मी काय दोरीने बांधू?

हे पत्र ज्या ट्रकने येतंय त्याच ट्रकमध्ये ती बसलीय. ग्रेगोरिओ अजून पोती चढवतोय, तेवढ्यात लिहून देते. ट्रक आपल्याच गावात थांबणार आणि तिथून वायाकोचाला तिला ओढा ओलांडून चालत जायचंय. ताई, तिला चालत जाऊ देऊ नकोस. आपल्या घरी नको तर कुणाकडे तरी ठेव. गरम काहीतरी दे. एवढं कर. मी तुझं ऐकलं, आता तू माझं ऐक.

नेली


चिल्कापाता
शुक्रवार, १४ जून

चि. नेलीस,
आशीर्वाद. हे पत्र बसून वाच. मारीबेलबाईंना शेजारी बसवून घे.

तुझी सातुका जिवंत आहे. ते आधी सांगते.

ग्रेगोरिओने तुझं पत्र माझ्या हातात दिलं तेव्हा ट्रक अंगणासमोर उभाच होता. तो म्हणाला, पत्र नंतर वाच, आधी मागे बघ. शेवटच्या चढावर तिला कळा लागल्या होत्या. बटाट्याच्या रिकाम्या पोत्यांवर पडली होती आणि ओठ दाबून धरले होते. कुणाचं गाव आहे ते तिला कळत होतं ना.

मी तिथेच उभी राहिले. किती वेळ ते सांगत नाही. माझ्या मागून फेलिक्स गेला, ट्रकवर चढला, तिला पाठीवर घेतली आणि आपल्या चुलीपाशी आणून ठेवली. मी म्हणाले, अरे, ही वायाकोचाची आहे. तो म्हणाला, ऐकलंय, बहिरा नाही मी, पाणी तापव.

आढ्याला बांधलेली दोरी धरून, गुडघ्यांवर बसून ती बाळंत झाली. मुलगी. छोटीशी, निळसर. मी पाठ चोळली, तोंडात फुंकलं, चुलीच्या उबेला धरली. थोडी रडली, पण श्वास काही टिकेना. जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. दारात निम्मं गाव जमलं होतं. पाणी न पडलेलं मूल पुरलं तर शेतांवर गारा कोसळतात, म्हणून प्रत्येकजण म्हणत होता, कुणीतरी पाणी घाला, लवकर घाला. आणि प्रत्येकजण आपल्या पायांकडे बघत होता. कारण जो पाणी घालेल तो धर्माची आई किंवा बाप, तो कायमचा वायाकोचाशी बांधला गेला.

मी घातलं. थंड कसं घालायचं म्हणून कोमट करून घातलं. नाव काय विचारलं तर सातुका म्हणाली, पाणी घालेल तिने द्यावं. माझ्या तोंडात आपल्या आईचं आलं. बेनिता. ती थोडा वेळ बेनिता होती, मग गेली.

तिला कफन शिवायचं काम धर्ममातेचं. घरात नवं पांढरं कापड एकच होतं, तुझ्या बाळासाठी धुऊन ठेवलेलं. तेच शिवलं. दुसरं घेईन.

नंतर मी फेलिक्सला म्हणाले, तुझ्यासाठीच तर मी एवढं ताणलं होतं. तो म्हणाला, मला कधी विचारलंस? नेली, खरंच मी कधी विचारलं नव्हतं. तो चुलीपाशी गप्प बसतो, त्याचा अर्थ मीच लावत आले.

मंगळवारी तिला पोचवायला आणि बाळाला पुरायला आम्ही ओढ्यापलीकडे वायाकोचाला गेलो. तिच्या नवऱ्याने मला बसायला घोंगडी घातली. कुणी वाकडं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. ऑगस्टच्या बैठकीत मी उभी राहायची नाही हे आता ठरल्यासारखंच आहे. आणि बोलण्यासारखं माझ्याकडे उरलंय तरी काय?

तेव्हापासून मी रोज ओढा ओलांडून सातुकाला बघून येते. तिला दूध आलंय. छातीला घट्ट फडकं बांधून बसलीय. तिने मला तुझ्याबद्दल विचारलं, मोकळी झाली का म्हणून. अजून नाही म्हणाले. मग तिने निरोप दिलाय, तो तिच्याच शब्दांत लिहिते. कळा आल्या की लाजून गप्प राहू नकोस, मोठ्याने ओरड, तिथल्या बायकांना ऐकायची सवय आहे. आडवी पडू नकोस, बसूनच मोकळी हो. आणि भीती वाटली तर बासिलियाचा हात धर, तिचा पंजा मजबूत आहे.

पाव परत करायला कुणी सांगितलं होतं, हे तिला ठाऊक आहे की नाही ते कळत नाही. मी सांगितलं नाही. ती मला कोमाद्रे म्हणते. दर वेळी म्हणते, पाणी मागताना सुद्धा, आणि दर वेळी मी हो म्हणते.

तू मूल घेऊन इथेच यायचं. दुसरीकडे जा असं लिहिणारी बाई मी नव्हे असं समज, किंवा होते पण आता नाही असं समज. मारीबेलबाई सांगतील तेव्हा निघ, आधी नको, आणि ट्रकमध्ये पुढेच बस.

लोभ ठेव असं दर पत्राला लिहिते. आज ते मागायची माझी लायकी नाही. तरी मागते.

तुझी ताई,
हिलारिया