वाळवलेलं काड

प्रिय चिमणे,

राजीनामा देऊन तू आईकडे गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. प्रयोगशाळेतल्या तुझ्या टेबलावर अजून कुणी बसत नाही. सर येता-जाता तिकडे बघतात आणि मी सरांकडे बघते. तू इथे नसतानाही मला तुझा हेवाच वाटतो.

तुला इथे चिकटवलं मी. इंधनासाठी लागणारी साखर गव्हाच्या काडातून सुखासुखी निघत नाही, आधी काडाची वीण सैल करावी लागते, हेही शिकवलं मीच. अकरा वर्षं मी काड आम्लात उकळत आले. हात पोळले, नाकाला वास कळेनासा झाला. तू दोन वर्षांत उठून म्हणालीस, "ताई, आम्ल कशाला? दाबाखाली वाफ देऊ आणि दाब एकदम सोडू." आणि माझ्या दीडपट साखर काढून दाखवलीस. सगळ्यांनी तुला डोक्यावर घेतलं. धाकटीनं थोरलीला मागे टाकलं, असं सर माझ्यासमोर म्हणाले. मी हसले. घरी येऊन भांडी आपटली. त्यात आईनं फोनवर तुझंच कौतुक लावलं, तर तिलाही तोडून बोलले.

मोठ्या चाचणीआधी तू आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस गेलीस. वाफवलेलं काड पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ठेवलंस आणि ते ओलंच राहू दे, असं मला बजावलंस. मला. एकदा वाळलं की त्याची छिद्रं मिटतात, मग कितीही भिजवा, साखर सोडवणाऱ्या एन्झाइमला आत शिरायला वाट राहत नाही, हे मीच तुला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं.

चाचणीत साखर निम्मीसुद्धा आली नाही. प्रकल्प थांबला. तू वही तीनतीनदा तपासलीस आणि सगळ्यांसमोर चूक कबूल केलीस. कुठली चूक, ते मात्र तुला सांगता येईना. मी तुझ्या पाठीवर हात ठेवून उभी होते.

चूक तुझी नव्हती गं. ते काड मी ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये वाळवलं, पाणी शिंपडलं आणि तुझ्याच पिशवीत परत भरलं. आज सकाळी हे सगळं सरांना लिहून दिलं. ते तुला फोन करतील. चाचणी पुन्हा होणार आहे, नक्की ये. मी माझं टेबल आवरलंय. कुणी मला जा म्हटलेलं नाही. पण तुझी साखर मोजली जाताना मला तिथे उभं राहवणार नाही, कारण हेवा अजून गेलेला नाही.

तुझीच,
म्हणशील तर, ताई