पहिलं पाणी शिफ्टवाल्याचं

पालिकेच्या माणसानं पाना लावून दोन हिसके दिले आणि गल्लीच्या नळाची तोटी त्याच्या हातात आली. मी तिथेच उभी होते, आई. तोटी पिशवीत टाकून त्यानं पाइपाला बूच बसवलं. शेजारची चाची रिकामी कळशी घेऊन आली होती. मला म्हणाली, "ये क्या, बेटी? तू तर बोलली होतीस, पाणी येणार."

पाणी येणारच आहे. परदेशातल्या एका बँकेनं शहराला नव्या पाइपलाइनसाठी कर्ज दिलं आहे. तिची अट अशी, की फुकट पाणी बंद. घरागणिक मीटर बसवायचे आणि रस्त्यावरचे नळ काढायचे. मीटरला घराचा कागद लागतो. आपल्याकडे तो आहे, आपलं मीटर बसलंसुद्धा. यंत्रमागावरचे लूमवाले एका खोलीत दहा-दहा जण राहतात, शिफ्टप्रमाणे आळीपाळीनं झोपतात. त्यांच्याकडे कागद कुठला? चाचीच्या खोलीचा कागदही मालकाकडे आहे.

पालिकेच्या साहेबांनी दिलेल्या बँकेच्या कागदाचं मराठी मी केलं. शाळेत सभा भरली तेव्हा वाचूनही मीच दाखवलं. पहिल्याच पानावर होतं, पाणी हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. ते मी मोठ्यानं वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नळ काढण्याची ओळ चौथ्या पानावर होती. ती मी वाचली नाही. संमतीच्या सह्या घेताना चाचीनं विचारलं, "सगळं वाचलंस ना?" मी मान हलवली. "मग बस्स. तुझ्या आईची पोर आहेस," म्हणत तिनं अंगठा उठवला.

मला एक सकाळ दिसते. मी आठ वर्षांची आहे. तू सुताच्या कांड्या भरायच्या कामावर निघाली आहेस, बोटांवर सुतानं कापल्याच्या रेघा आहेत. रात्रीची शिफ्ट सुटलीय. एक लूमवाला नळाखाली ओंजळ धरायला वाकतो, भुवयांवर पांढरा कापूस. मी माझी कळशी मध्ये घुसवते आणि भरून घेते. तू ती उचलून त्याच्या ओंजळीत ओततेस. तो म्हणतो, "रहने दो भाभी, बच्ची है." तू म्हणतेस, "बच्ची हाय म्हणूनच." आणि मला म्हणतेस, "पयलं पानी शिफ्टवाल्याचं. घशात कापूस त्याच्या हाय, तुझ्या न्हाय." मग मला रांगेच्या शेवटी पाठवतेस. माझी पाळी येईपर्यंत पाणी जातं. त्या दिवशी आपण चाचीच्या हंड्यातलं प्यायलो.

तू गेलीस, आता हे पत्र टाकायचं तरी कुठे. लोकांना मी सांगते, साहेबांना घाई होती, एक ओळ राहून गेली. तुला तसं सांगता येत नाही. ती ओळ गाळायला मला कुणीच सांगितलं नव्हतं. ओळ डोळ्यांपुढे होती, चाची पहिल्या रांगेत बसली होती, आणि लोक माझ्यावर खूश होते. मी पान उलटलं.

आज सकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी घरच्या नळाची कळशी भरून मी त्या बुचापाशी उभी राहिले. सात जण प्यायले. चाची आली तेव्हा तिला ती ओळ वाचून दाखवली. "आता वाचतेस?" एवढंच ती म्हणाली, आणि रिकामी कळशी घेऊन पुढच्या गल्लीतल्या अजून शाबूत नळाकडे गेली.