संध्याकाळचे पाय

३ डिसेंबर २०२४, मेडशी

आज पुन्हा तेच! साक्षीला घेऊन पहाटेच्या पहिल्या एसटीनं वाशीमला गेले. डॉक्टरसमोर पोरगी सरळ चालली. "काही नाही हो बाई, शाळा बुडवायचे बहाणे." संध्याकाळी घरी — पाय आत वळलेले, भिंत धरून चालतेय. तेरा वर्षांची पोर!

माझा दीर राजपाल, ओट्यावर बसल्या बसल्या — "बापावर गेली, वयनी. दिवस बुडाला का थो बी पेऊन झुले."

स्वतःचं काय? दिवेलागणीनंतर ओट्यावरून हलत नाही. "आपन तं दारू टाकून राह्यतो," असं गावभर हसत सांगतो.

साक्षीचे बाबा, आमचे हे, पीत नव्हते. संध्याकाळी रस्ता ओलांडताना ट्रकखाली गेले तेव्हा सगळे म्हणाले, पिऊन होता. मी तोंडाचा वास घेतला होता. नव्हता.

९ डिसेंबर

पेपरात वाचलं — नागपूरचे मेंदूचे डॉक्टर संशोधनासाठी वाशीमला येणार. हातापायांच्या हालचाली बिघडलेल्यांना तपासणार. वाचायला मी साक्षीच्या पहिलीच्या पुस्तकातून शिकले. आज कामी आलं.

१५ डिसेंबर

एसटी वाटेत मालेगावला बंद पडली! पोचलो तेव्हा ऊन कललेलं, शिबिर आवरत आलेलं. साक्षी माझ्या खांद्यावर लोंबत होती. निघालेल्या डॉक्टरीणबाईंनी बॅग खाली ठेवली.

"सकाळी कशी असते?"

"सकाळी चांगली राह्यते, मॅडम. म्हनून तं कोनी आयकत नाई!"

त्या हसल्या. "उशिरा आलात ते बरं झालं."

मेंदूत एक रसायन कमी तयार होतं म्हणे. झोपेनं थोडं भरून निघतं, दिवसभरात सरतं. आणि आम्ही दर वेळी ताजी पोर दाखवत होतो! दोघींचं रक्त घेतलं. रोज अर्धी गोळी दिली.

१९ डिसेंबर

दिवेलागणीला साक्षी नळापर्यंत गेली. आली. पुन्हा गेली! "मम्मी, पयू का?" पळ, माझे माय, पळ! शेजारच्या कस्तुराबाईची भाकर तव्यावर करपली, बाई आपली बघतच राहिली.

२१ डिसेंबर

दोरीवरच्या उड्या. दोरी माझी, कपडे वाळवायची! ओले कपडे कुंपणावर.

२ फेब्रुवारी २०२५

डॉक्टरीणबाईंचा फोन. हा दोष जन्मापासूनचा, जनुकातला. माझ्यात नाही, म्हणजे बापाकडून आलेला असणार. "त्यांना संध्याकाळी त्रास व्हायचा?"

"व्हये. लोक म्हनत, पेलेला हाये."

"तो हाच आजार असणार, लिलाबाई."

फोन ठेवला आणि ओट्यावरच्या राजपालला सांगितलं. आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं!

मग यांच्या फोटोसमोर बसले. अर्धी गोळी. एवढंच हवं होतं हो तुम्हाला.

३ फेब्रुवारी

अंधार पडताना राजपाल दारात. चौकट धरून उभा, एक पाय आत वळलेला. वास नव्हता.

"वयनी, मी बी पेत नाई. कधीच नाई पेलो. लंगडा म्हनन्यापरीस बेवडा म्हनलेलं बरं वाटे... मले बी न्या ना. दुपारच्या गाडीनं."