पटाच्या शेवटी कोणी उभं राहायचं नाई

बाबा, तुमची नात यंदा पटावर मोटारसायकल पळवीन म्हणते. तुम्ही गेले तेव्हा ती पहिलीत होती, दप्तर ओढत गॅरेजात यायची अन् तुमचे पाने इकडचे तिकडे करून तुमच्या शिव्या खायची. आता आयटीआय झाली, कार्बोरेटर माझ्यापेक्षा चांगला साफ करते, अन् तोंड तुमच्यासारखं, फटकन बोलून मोकळी. वहिनीनं सारं माझ्यावर टाकलं. म्हणते, बाई, टीम तुमची, पोरगी तुमच्या हाताखालची, तुम्ही हो म्हणा नाई तर नाई म्हणा, मी मधात पडत नाई. मधात पडत नाई म्हणते अन् ताटावरून तशीच उठून जाते. मी कोणाले विचारू? विचारायसारखे एक तुम्हीच होते, अन् तुम्हाले तर हे विचारायची मले लाज वाटते. तिच्या बापाचं काय झालं ते तुमच्याशिवाय कोणाले जास्त माहीत आहे?

टीम म्हटलं की तुम्हाले हसू आलं असतं. आपल्याले तर लोक फटफटीवालेच म्हणत. आजोबाची बैलजोडी शंकरपटाच्या शर्यतीत गाजलेली होती, पण तुमचा जीव बैलात कधी रमला नाई, तुम्ही वडशाले स्टेशनाच्या मागं गॅरेज टाकलं. मग एका गावच्या पटवाल्यांनी म्हटलं, दोन जोड्यांच्या मधात वेळ जाते, लोक कंटाळतात, तेवढ्यात तुमच्या फटफट्या पळवा. झाली सुरुवात. मडगार्ड काढलेल्या दोन जुन्या गाड्या, सायलेन्सर गायब, एकीवर भाऊ, दुसरीवर तुमच्या हाताखालचा मिस्त्री. डोक्याले हेल्मेट नाई, दुपट्टा बांधलेला. धान निघून गेलेल्या बांध्यांतून मधले मातीचे धुरे फोडून पटाची पट्टी केलेली असे, तिच्यावर बैल पळाले की मागून आपल्या गाड्या. धुरळा असा की कोण जिंकलं ते पळणाऱ्यालेच माहीत. दोनचार हिवाळ्यांत गावोगावून बोलावणं यायले लागलं. राइस मिलच्या शेठनं सारख्या रंगाचे शर्ट शिवून दिले, अन् तुम्ही ते आईकडून इस्त्री करून घेतले. शर्टाले इस्त्री अन् ब्रेकाले तार, असं आई म्हणायची.

पटाची एक रीत होती, ती आता नव्या पोरांना सांगावी लागते. पट्टीच्या शेवटी, अगदी मधोमध, जोडीचा मालक उभा राहायचा. हात पसरून, बैलांची नावं घेत. जीव तोडून पळणारी जोडी त्याचा आवाज ऐकून ढिली व्हायची अन् त्याच्यापाशी येऊन थांबायची. तिथी उभं राहणं म्हणजे मान. दुसऱ्या कोणी पाय ठेवला तर भांडण. आजोबा उभे राहायचे, त्यांच्या आधी त्यांचे बाप. म्हणून भाऊ पळवायले लागला तेव्हा तुम्ही उभे राह्यले, अन् आम्हाले कोणालेच त्यात काही वावगं वाटलं नाई. शेठ फोटो काढायचा. मी टाळ्या वाजवायची. बैल मालकाले ओळखते, फटफटी कोणाले ओळखते? एवढी साधी गोष्ट, पण साऱ्या झाडीपट्टीत एकाच्याही डोक्यात आली नाई.

त्या दिवशी मी पट्टीच्या कडेले उभी आहे. वहिनीच्या कडेवर पोरगी, तिले आवाजाची भीती नाई, उलट हात हलवते. भाऊ टाकीवर छाती टेकवून येते. दुसरी गाडी कधीचीच मागं पडली. तुम्ही शेवटी उभे आहात, तेच हात पसरलेले, अन् ओरडून राह्यले, "ये रे राजा, ये!" भावानं ब्रेक दाबला असेल, लागला नसेल, का चाक घसरलं, ते कोणालेच कळलं नाई. एवढं मात्र मी पाह्यलं की त्याले सरळ जायले जागा होती. सरळ गेला असता तर पुढं मोकळी बांधी होती, पडला असता, हातपाय मोडला असता. पण सरळ वाटेत तुम्ही उभे होते. त्यानं हँडल मारला अन् गाडी न फोडलेल्या धुऱ्यावर गेली.

सांजेले त्याले मेटाडोरमध्ये घालून निघालो तेव्हा पटाच्या रातच्या नाटकाच्या मांडवात पेटी वाजून राह्यली होती. तिकिटं विकली गेली होती, नाटक थांबलं नाई. तुम्ही ड्रायव्हरशेजारी बसले होते अन् मागं वळून पाहत नव्हते. मले तेव्हा तुमचा असा राग आला बाबा, की तो पुढं कधी पूर्ण गेलाच नाई. लोक येऊन म्हणायचे, पोरगा सोन्यासारखा, बापाले वाचवून गेला. मी मनात म्हणायची, बापानं तिथी मरायले उभं राहायचंच काऊन? वहिनीचं कपाळ पाह्यलं की तुमचा चहा मी हातात न देता समोर ठेवून निघून जायची.

साऱ्यांना वाटलं, आता फटफट्या भंगारात जातील. तुम्ही पाच महिने गॅरेजचं शटर उघडलं नाई, अन् उघडलं तेव्हा पहिल्यांदा दोन्ही गाड्यांचे ब्रेक खोलले. तिथून ती टीम झाली, त्याच्या आधी तो तमाशा होता. हेल्मेटशिवाय गाडीले हात नाई. पट्टीच्या पुढं दुप्पट जागा मोकळी, धुरे सपाट. शेवटी तणसाचे भारे, त्याच्यामागं जुने टायर, अन् ढिवरांकडून मागून आणलेली फाटकी जाळी. लोक हसायचे. म्हणायचे, मिस्त्री फटफटी पळवते का मासोळ्या धरते? तुम्ही हसत नव्हते. अन् एक नियम, पटाच्या शेवटी कोणी उभं राहायचं नाई. एका गावात पुढाऱ्याले तिथी उभं राहून फोटो काढायचा होता. तुम्ही वाद घातला नाई, आवाज चढवला नाई, फक्त पोरांना म्हटलं, "गाड्या ट्रॉलीत चढवा." बिना पळवता परत आलो. त्या गावानं पुन्हा बोलावलं नाई अन् बाकीच्यांनी शेवट मोकळा ठेवणं सुरू केलं.

एकदाच तुम्ही बोलले, पोरगी बालवाडीत जायले लागली होती तेव्हा. हात राकेलनं धुऊन राह्यले होते, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी तिथी काऊन उभा होतो वं?" मी म्हटलं, चहा थंड होऊन राह्यला. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेले. डॉक्टर म्हणाले हृदय. मले नाई वाटत डॉक्टरले सारं कळते.

मग कोर्टानं बैलांचे पट बंद केले. ओस पडलेल्या पट्ट्यांवर आपल्याच गाड्या पळत राह्यल्या. मी सासर सोडून आली होती, गॅरेज सांभाळत होती, तर टीमही माझ्याच गळ्यात पडली. मुलचेऱ्याकडचे बंगाली पोरं आले, चंद्रपूरचे आले, चिखलाच्या शर्यतीले भामरागडच्या रस्त्यावरचेही पोरं आले, त्यांना चिखल शिकवावा लागत नाई. आता जोड्या पुन्हा पळतात, फटफट्यांना वेगळा दिवस मिळते. हे सारं तुम्हाले दाखवायसारखं होतं.

इथपर्यंत लिहून कागद ठेवून दिला होता. आज पुढचं लिहून राह्यली.

पोरीले मी नाईच म्हणणार होती. तिले समोर बसवलं अन् विचारलं, काऊन पळवायची आहे तुले? मले वाटलं म्हणेल, मोबाइलवर टाकायले, नाई तर पोरांना दाखवायले. ती म्हणाली, "आत्या, माझे बाबा कसे मेले ते मले सारे गाव सांगते. ते कसे पळवत होते ते कोणीच सांगत नाई."

बाबा, खरंच कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाई, तुम्हीही नाई. मग मी सांगितलं. वळणावर तो गुडघा कसा बाहेर काढायचा, सुरुवातीले क्लच जरा उशिरा सोडायचा अन् मागं राह्यला असं वाटता वाटता पुढं जायचा, जिंकला की पहिले सीट पुसायचा. आम्ही दोघी दुपारभर बसलो. वहिनी दाराआड उभी राहून ऐकत होती, तिनंही दोन गोष्टी सांगितल्या, मले माहीत नसलेल्या. अन् संध्याकाळी मी पोरीले हो म्हटलं. तुम्ही काय म्हटलं असतं ते मले माहीत नाई. कदाचित गाड्या ट्रॉलीतच चढवल्या असत्या.

काल पट झाला. पोरगी दुसरी आली. हेल्मेट काढून धावत माझ्याकडे आली, तोंड धुरळ्यानं भरलेलं, डोळे तेवढे चमकून राह्यले, अन् विचारते, "आत्या, कशी पळवली मी?" मी म्हटलं, तुझ्या बाबासारखी. ती माझ्या गळ्यात पडून रडली. वहिनीही रडली.

हा कागद मी कुठी टाकणार? तुम्हाले म्हणून सांगते, दुसऱ्या कोणाले सांगणार नाई. ती पळवत होती तेव्हा मी तिच्याकडे एकदाही पाह्यलं नाई. पट्टीच्या शेवटी कोणी जाऊन उभं राहते का, तेवढंच पाहत होती. ती कशी पळवते ते मले माहीत नाई, बाबा.