कृपया पाणी घालू नये

प्रिय उत्कर्षा,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला शेवटपर्यंत बोलायचंय. विषय तुझ्या त्या बुटक्या कोरफडीचा. तिने मला नुसता वात आणलाय. खरं तर तिने नाही, तिच्यावर माया करणाऱ्यांनी.

तुझे बाबा गेल्यावर तू मला बेंगळुरूला न्यायचा हट्ट धरलास. मी नाही म्हटलं. त्यात मी गॅसवर दूध विसरले, पातेलं जळून काळं झालं, आणि तुझ्या हाती आयतं कोलीत मिळालं. निघताना ही मुठीएवढी कोरफड माझ्यापुढे ठेवून म्हणालीस, आई, एवढंसं झाड दिवाळीपर्यंत जगवून दाखव, मग खुशाल इथे एकटी राहा, मी चकार शब्द काढणार नाही. हसत म्हणालीस. पण हसता हसता ठरवून टाकायची सवय तू बाबांकडूनच उचललीस, ती मला चांगली ठाऊक आहे.

शाळा माझी सातवीतच सुटली, पण वाचल्याशिवाय मी कशाला हात लावत नाही. वाचनालयातून पुस्तक आणलं. पानांवर पांढरे ठिपके असलेली ही ठेंगणी जात वीतभरही वाढत नाही, सगळं पाणी पानांतच साठवते. कुंडीला खाली भोक हवं, मातीत जाड वाळू हवी, सकाळचं ऊन हवं, आणि माती पार कोरडी झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नको. हे सगळं मी केलं. दारासमोरच्या सामाईक गॅलरीत कठड्याच्या कोपऱ्यात तिला बसवलं. कडेने एक पिल्लूही फुटलं होतं, तुला व्हिडिओवर दाखवलंच होतं.

पण हे सोलापूर आहे बाई. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. पाणी आलं की जो तो आधी भरलेलं शिळं पाणी काढतो आणि पिंप घासून ताजं भरतो. शिळं पाणी मोरीत ओतायचं म्हणजे पाप. मग ते कुठे जातं? झाडांना. आपल्या मजल्यावर झाड एकच, तुझं. समोरच्या पार्वतम्मा कळशी घेऊन येतात, वरची रेश्मा ऑफिसला जाताना बाटलीतलं उरलेलं रिकामं करते, आणि खालचे हिंदुराव, तुला आठवत असतील, मूळचे केम गावचे शेतकरी, निवृत्त झालेत पण रानातली सवय सुटलेली नाही, ते तर तांब्या घेऊन जिना चढून येतात. मी सांगून थकले. हिंदुराव म्हणतात, "वैनी, सोलापुरात ऱ्हायचं आन् पाणी नको म्हनायचं? आसलं झाड नसतंय की!" पार्वतम्मांचं वेगळंच, "अक्का, तहान काय सांगून लागते का त्याला?"

शेवटी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, कृपया पाणी घालू नये. दुसऱ्या दिवशी कुंडी ओलीचिंब. विचारलं तर रेश्मा म्हणे, काकू, मला वाटलं ते बाहेरच्यांसाठी आहे. कुंडी घरात आणून ठेवली, तर सूर्यप्रकाशावाचून ती फिकी पडून लांबट व्हायला लागली. पुन्हा बाहेर. पुन्हा कळश्या. मी इतकी चिडले की एकदा पार्वतम्मांशी दिवसभर बोलले नाही. संध्याकाळी त्याच शेंगाचटणी घेऊन आल्या, आणि जाता जाता कुंडीत हात धुतले.

पाऊस संपता संपता खालची पानं काचेसारखी दिसायला लागली, दाबली की मऊ. बुडाला काळं पडलं होतं. मुळं कुजली की असंच होतं. पुस्तकात उपाय होता. झाड मातीतून काढायचं, कुजकं कापून टाकायचं आणि उघड्यावर सावलीत सुकू द्यायचं. तसं केलं. कागदावर गॅलरीत ठेवलं. नेमकं करकंबला तुझ्या आत्याच्या नातवाचं बारसं निघालं. किल्ली नेहमीप्रमाणे पार्वतम्मांकडे देऊन गेले आणि निक्षून सांगितलं, झाडाला हात लावायचा नाही. आठवड्याने परत आले तर हिंदुराव दारातच उभे, चेहरा विजयी. उघड्यावर पडलेलं झाड त्यांना बघवलं नाही. स्टीलच्या वाडग्यात पाणी भरून त्यांनी ते बुडवून ठेवलं होतं, वर पार्वतम्मांनी हळदीकुंकू वाहिलं होतं. मी वाडग्यात हात घातला. झाड हाताला लागलंच नाही, नुसता चिकट गाळ. पिल्लूही गेलं.

मग दोघांना कारण सांगितलं, तुझी अट सांगितली. पार्वतम्मा रडल्याच. मग डोळे पुसून म्हणाल्या, नर्सरीतून तसलंच दुसरं आणू, पोरीला व्हिडिओवर काय कळतंय? हिंदुराव तर चपला घालायलाही लागले. मी त्यांना बसवलं. तुला फसवून मला इथे राहायचं नाही.

तर मी हरले. हे सांगायलाच पत्र. अटीप्रमाणे मी आता सामान बांधायला हवं, आणि मी ते बांधणार नाहीये. त्या दिवशी दूध का जळलं तेही ऐक. चहासाठी दोन कपांचं दूध गॅसवर ठेवलं, मग आठवलं की आता एकच कप लागतो, आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसून राहिले. जळका वास पार्वतम्मांना आला, त्यांनी दार वाजवलं, म्हणून नुसतं पातेलंच जळलं. तसं अजूनही कधी कधी बसायला होतं, बेंगळुरूलाही होईल. पण तिथे तुम्ही दोघं कामावर, आणि दार वाजवणारं कोणी नाही. उत्कर्षा, एकट्या बाईचं झाड वाळून मेलं असतं गं. हे पाण्याने मेलं. दिवाळीला ये. मला न्यायला नको, आठवडाभर राहायला ये. आणि येताना झाडबिड काही आणू नकोस.

तुझीच, वैतागलेली
आई