पहिल्या नंबरानंतरचं गाणं

सोल, २३ मे, शनिवार

प्रिय दाओन,

तू बरी असशील. काकूंचा गुडघा आता कसा आहे? त्यांनी गुन्सानहून पाठवलेली मुळ्याची किमची पोचली आणि आम्ही तिघींनी चार दिवसांत फस्त केली. डबा धुऊन ठेवलाय. दर वेळी लगेच परत पाठवते, या वेळी मन धजत नव्हतं. का, ते सांगायलाच बसलेय, पण आधी थोडी कुरकुर ऐकून घे.

नवीन गाणं आलं की काय काय करावं लागतं, हे तुला नव्याने सांगायला नको. तू ग्रुपमधून गेल्यापासून ते आणखी वाढलंय. गाणं तीन मिनिटांचं आणि त्याचा गाजावाजा तीन आठवडे! आधी टीझर, मग टीझर येणार म्हणून त्याचा वेगळा टीझर. आम्ही तिघी आणि अल्बमच्या आवृत्त्या सहा. आत कुणाचं फोटोकार्ड निघेल ते नशिबावर, म्हणून चाहत्या पोरी तोच अल्बम पुन्हा पुन्हा घेतात आणि सही घ्यायला आल्या की मलाच विचारतात, "ताई, तुमचा तो डोळा मारलेला फोटो कुणाकडे असेल हो?" मला काय ठाऊक!

परवा टीव्हीवाल्यांच्या कॉरिडॉरमध्ये दिसेल त्या ग्रुपला पकडून पंधरा सेकंदांचे नाच मोबाइलवर काढत होतो. मॅनेजर प्यो ओरडला, "सेरिन, जरा गोड हस की! दाढ दुखत असल्यासारखी काय नाचतेस?" मी म्हटलं, "तुम्हाला पहाटे उठवून केस कुरळे करते, मग बघते कसे गोड हसता ते." शेजारी नाचणारी गारम इतकी हसली की तिची चिकटवलेली पापणी गळून पडली. तीन आठवड्यांत तेवढंच काय ते हसलो.

गाणं ऐकलंस का तू? ऐकलं असशील तर तुला कळलंच असेल. नसशील तर माझ्याकडूनच कळू दे.

जाण्याआधी तू ते गाणं कच्चं गाऊन ठेवलं होतंस, आम्ही ऐकून शिकावं म्हणून. कंपनीने तुझा करार वाढवला नाही, गाणं मात्र ठेवून घेतलं. धृपदाची ती शेवटची उंच ओळ माझ्या वाट्याला आली. अकरा वेळा गायले, अकराही वेळा आवाज फाटला. शेवटी अल्बममध्ये तुझीच ओळ राहिली. तुझं नाव कुठेही नाही. स्टेजवर मी फक्त ओठ हलवते, आणि लोक लिहितात, सेरिनचा आवाज काय सुधारलाय!

काल टीव्हीवरच्या शुक्रवारच्या गाण्यांच्या कार्यक्रमात पहिल्या नंबरासाठी आमचं नाव होतं. तुझ्यासकट सहा वर्षं आपण याचीच वाट बघितली ना? आणि मी तिथे उभी राहून मनातल्या मनात हात जोडत होते, की आमचं नाव पुकारू नका. जिंकणाऱ्याला ट्रॉफी हातात घेऊन तिथल्या तिथे पुन्हा गावं लागतं, खऱ्या आवाजात. मागे रेकॉर्ड हळू वाजत असली तरी लपायला जागा नसते. प्योने शिकवून ठेवलं होतं, "ती ओळ आली की माइक पोरींकडे धर, त्या गातील."

आमचंच नाव पुकारलं. गारम ढसाढसा रडत होती, केसांत रंगीत कागद पडत होते. ओळ जवळ आली. मला माइक पोरींकडे धरवेना. मी तो खाली केला आणि तोंड मिटून घेतलं.

आणि तू गायलीस. माझं मिटलेलं तोंड पडद्यावर एवढं मोठं दिसत होतं आणि मागच्या रेकॉर्डमधून आवाज तुझा येत होता. गेल्या वर्षभरात मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

आता सगळीकडे एकच प्रश्न चाललाय, हा आवाज कुणाचा? प्यो म्हणतो, "रडू आलं म्हण. आवाज कोरसवाल्या बाईचा म्हण. विषय संपव." गारमने सकाळी हळूच विचारलं, "ताई, आपला पहिला नंबर काढून घेतील का गं?" वैतागून तिच्यावरच खेकसले. तिची काय चूक होती त्यात?

परवा सह्यांचा कार्यक्रम आहे. पहिलीच पोर विचारेल आणि मी तुझं नाव सांगेन. पण त्याआधी तुला एक सांगायला हवं. वर मी 'तुझीच ओळ राहिली' असं लिहिलंय, जणू ती आपली आपण राहिली. रेकॉर्डिंगचे बानसाहेब तर म्हणाले होते, "उद्या पुन्हा बसू, पट्टी उतरवू." तेव्हा "राहू दे दाओनचीच, कुणाला कळणार नाही," असं म्हणाले ती मी. कंपनी नाही, प्यो नाही, मी.

काकूंचा डबा सोबत पाठवतेय. रिकामा नाही, आत अल्बम आहे. आम्ही तिघींनी सह्या केल्यात. चौथीची जागा कोरी ठेवलीय. सही करायची की अल्बम फेकून द्यायचा, ते तू ठरव. मला ताई म्हणायचं की नाही, तेही.

तुझा आवाज चोरून पहिली आलेली,
सेरिन