कॅव्हियारचा वाटा

हाम्बुर्ग, २० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. अक्कास,
गुरुराजाचा सा. न. वि. वि.

तुझ्या पायांना मुंग्या येतात, बी-१२ कमी निघाले, हे मला डॉक्टर कनकलताबाईंकडून कळावे? मेहुणे गेल्यापासून चूल पेटवत नाहीस म्हणे. दोन्ही वेळा ताकभात! अग, असे कसे चालेल?

इथला माझा मित्र भरद्वाज तंजावूरला येतोय. त्याच्याबरोबर बर्फात ठेवून एक लहानशी बरणी पाठवतो आहे. कॅव्हियार म्हणतात, स्टर्जन माशाची मिठातली अंडी. म्हणजे आपली चिनैच. एका चमच्यात दिवसभराचे बी-१२ भागते. शिवाय प्रथिने, लोह आणि हृदयाला चांगले ते ओमेगा-३. मीठ मात्र बक्कळ, तेव्हा तुझ्या बीपीला एका वेळी एकच चमचा. शिजवू नकोस, थंडच खा. उघडली की दोन-तीन दिवसांत संपव.

दिवाळीला जमले नाही. पोंगलला बघतो. मराठीत लिहायला मला तू एकटीच उरलीस, तेव्हा रागावू नकोस.

तुझा गुरुराज

तंजावूर, ४ डिसेंबर २०२४

चि. गुरुराजास अक्काचे अ. उ. आ.

बरणी पोचली. भरद्वाज कॉफीलाही थांबला नाही. शेजारच्या वत्सलामामींना दाखवली, तर त्यांनी चार हात लांब उभे राहून पाहिली! गल्लीत मासे खाणारे घर आता आपलेच एक. कनकलताबाई म्हणाल्या की बी-१२ आहे खरे, पण ते अंड्यात, साध्या माशातही असते. उरलेले गोळीने भागेल, परदेशातून मागवायला नको होते. मी मागवले नाही, भावाने पाठवले, हे सांगायचे राहूनच गेले.

मी ती उघडलेली नाही. अम्माची रीत आठवते ना? माशात चिनै निघाली की घरातल्या माणसांइतके वाटे. बाहेर असेल त्याचा वाटा झाकून ठेवायचा, दुसऱ्याने बोट लावायचे नाही. तू तिरुचीच्या हॉस्टेलात होतास तेव्हा तुझा वाटा कितीदा नासला, पण अम्माने तो मला दिला नाही. एकटीला चिनै गिळत नाही रे. पोंगलला ये, दोघे मिळून उघडू.

मुलांना पापे. पत्र लिहीत जा, फोन ठेवला की संपतो.

तुझी अक्का

हाम्बुर्ग, १८ डिसेंबर २०२४

ती. स्व. अक्कास सा. न. वि. वि.

कमाल आहे तुझी! औषध म्हणून पाठवले ते फ्रीजमध्ये देवासारखे बसवून ठेवलेस! बरे, तुझेच खरे. चेन्नईत ऑफिसचे चार दिवसांचे काम निघाले आहे. ते उरकून पोंगलच्या दिवशी दुपारी बाराच्या आत घरी पोचतो. तोवर रोज एक अंडे खा.

पोरांना तुझे पत्र वाचून दाखवले. अत्ते एकटी का जेवते, असे त्यांनी विचारले.

येतोच आहे, उरलेले भांडण समोरासमोर.

तुझा गुरुराज

तंजावूर, २० जानेवारी २०२५

चि. गुरुराजास अ. उ. आ.

पोंगलला सकाळी दारात कोलमाची रांगोळी घातली. अकराला केळीची दोन पाने मांडली, बरणी उघडली, दोन वाटे केले. मग तुझा फोन आला, की काम लांबले, रात्रीच्या विमानाने परत जावे लागते. चेन्नईपर्यंत येऊन तू परत फिरलास. मी फोनवर असू दे म्हणाले. असू दे नव्हते रे. खूप रडले.

मग माझा चमचाभर वाटा खाल्ला. आधी नुसते मीठ, मग लोण्यासारखे काहीतरी. चांगले लागले. तुझा वाटा झाकून फ्रीजमध्ये ठेवला. एक दिवस ठेवला, दोन दिवस ठेवला.

तू लहान होतास, तुला आठवणार नाही. अप्पा गेले त्या वर्षी अम्माने सवयीने त्यांचाही वाटा काढला. मग तो आपल्या दोघांच्या पानांत वाढला. येणार नाही त्याचा वाटा घरच्यांनी खायचा असतो.

तिसऱ्या दिवशी तुझा वाटा मी खाल्ला.

गोळी चालू आहे, मुंग्या कमी आहेत. आता चूलही पेटवते, एका माणसापुरती. माया होती तेवढीच आहे, त्यात काही कमी नाही. येशील तेव्हा ये, पण आधी सांगून येऊ नकोस.

तुझी अक्का